वाक्याच्या शेवटीं उभा राहिलेला शब्द

इंग्रजी भाषा आमच्या घरांत शिरून आतां कित्येक पिढ्या झाल्या. पणजोबा-आजोबांनीं ती तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवरून घोकली, वडिलांनीं ती कचेरींत चालविली, आणि नातवंडें तर ती शाळेच्या पहिल्या दिवसापासून ऐकत असतात. असें असूनहि एक गोष्ट प्रत्येक पिढीस सारखीच अडते. आणि मौज ही कीं, ती मोठ्या शब्दांची नसून अगदीं लहान शब्दांची आहे. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’सारखा लांबलचक शब्द आमचा विद्यार्थी न अडखळतां लिहितो, परंतु ‘अप’, ‘ऑफ’, ‘टु’, ‘विथ’ हीं चिमुकलीं अव्ययें कोठें ठेवावीं, ठेवावीं कीं काढून टाकावीं, या विचारांत त्याची लेखणी थांबते. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यानें १७५५ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेंत ह्याच गोष्टीचा उल्लेख आहे. क्रियापदामागून एखादें लहान अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची इंग्रजांची जी रीत, तिच्यामुळें परकीयांस सर्वांत अधिक अडचण पडते, असा त्याचा अभिप्राय होता. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यानें फार लाजावें असें येथें कांहीं नाहीं.

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनीचें पत्र याच लहान शब्दांविषयीं आहे. त्यांच्या परवानगीनें, नांव-गांव गाळून, त्याचा विचार येथें करीत आहों. ह्या एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई. लग्नापूर्वींपासून त्या एका शाळेंत शिकवीत होत्या. सासूबाईंचें दुखणें लांबलें तेव्हां त्यांनीं ती जागा सोडली. आतां घर सांवरलें आहे, मुलें मोठीं झालीं आहेत, आणि त्या पुन्हां शिक्षिकेच्या जागेसाठीं अर्ज करीत आहेत. अर्ज इंग्रजींत. तो त्यांनीं घरच्या रीतीप्रमाणें मामंजींस दाखविला. मामंजी जुने पदवीधर आणि इंग्रजीचे अभिमानी. त्यांनीं लाल पेन्सिल घेऊन तीन ठिकाणीं दुरुस्त्या केल्या आणि समासांत लिहिलें कीं, वाक्याचा शेवट अव्ययानें कधींहि करूं नये. धाकटे दीर वहिनींच्या बाजूचे, नणंदबाई वडिलांच्या. जेवणाच्या पंगतींत दोन दिवस हाच विषय. अर्जाची मुदत तर जवळ आलेली. ‘‘मामंजींचा शब्द मोडवत नाहीं, आणि मीं लिहिलेलें चुकलें असें मनास पटत नाहीं. यापुढें इंग्रजींत एक ओळ लिहावयाची म्हटली तरी हात कांपतो,’’ असें त्या लिहितात. त्यांस उत्तर टपालानें आधींच पाठविलें आहे. परंतु हा प्रश्न त्या एकाच घरचा नाहीं, म्हणून त्याचा विस्तार येथें करतों.

अर्जांतील ते तीन तुकडे असे. पहिला: ‘दि पोस्ट विच आय हॅड टु गिव्ह अप’, म्हणजे जी जागा मला सोडावी लागली. मामंजींनीं शेवटचा ‘अप’ फाजील म्हणून खोडला. दुसरा: ‘दि टीचर्स हूम आय वर्क्ड विथ’, म्हणजे ज्या शिक्षकांबरोबर मीं काम केलें. तेथें मामंजींनीं ‘दि टीचर्स विथ हूम आय वर्क्ड’ असें केलें. तिसरा: ‘दि वर्क विच आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु’, म्हणजे ज्या कामाची मी उत्सुकतेनें वाट पाहत आहें. तेथें त्यांनीं दोन्ही लहान शब्द उचलून पुढें नेले आणि ‘दि वर्क फॉरवर्ड टु विच आय ॲम लुकिंग’ असें वाक्य बनविलें. निकाल प्रथमच सांगून टाकतों. सूनबाईंचीं तीन्ही वाक्यें शुद्ध आहेत. मामंजींची दुसरी दुरुस्ती निर्दोष आहे, इतकेंच नव्हे तर अर्जाच्या भाषेस ती अधिक शोभते. पहिली व तिसरी मात्र चुकीची आहे. एकाच नियमानें केलेल्या तीन दुरुस्त्यांपैकीं एक खरी आणि दोन खोट्या कशा ठरल्या, हें कळलें म्हणजे या विषयांतील बहुतेक सर्व मर्म हातीं येतें.

प्रथम क्रियापदाकडे पाहूं. ‘गिव्ह’ म्हणजे देणें. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें. ‘गिव्ह इन’ म्हणजे नमणें, हार खाणें. ‘टर्न’ म्हणजे वळणें. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणें. ‘टर्न अप’ म्हणजे येऊन हजर होणें. येथें मागचा लहान शब्द हा वेगळा शब्द राहिलेलाच नाहीं. तो आणि क्रियापद मिळून एक नवा अर्थ झाला आहे. इंग्रजी वैयाकरण अशा जोडीस ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ ह्या लेखकाच्या १९२५ सालच्या पुस्तकांत हें नांव आलें, आणि पुढें तेंच रूढ झालें. आम्ही या लेखापुरतें त्यास ‘जोडक्रियापद’ म्हणूं.

संस्कृताची ओळख असलेल्या घरांत हा प्रकार नवा वाटूं नये. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे पांचहि शब्द एकाच ‘हृ’ धातूपासून झाले. पण एक जेवण्याचा, एक फिरण्याचा, एक मारण्याचा, एक नाशाचा आणि एक टाळण्याचा. अर्थ फिरविला तो उपसर्गानें. इंग्रजीचा ‘अप’ किंवा ‘डाउन’ हा त्याच जातीचा. फरक इतकाच कीं, संस्कृतांत उपसर्ग धातूच्या पुढें चिकटून बसतो, तर इंग्रजींत तो मागून येतो आणि सुटा राहतो. आणि संस्कृतांतहि तो नेहमींच चिकटलेला होता असें नाहीं. वेदांत उपसर्ग धातूच्या नंतरहि येतात आणि मध्यें दुसरे शब्द येऊन धातूपासून दूरहि पडतात, अशी नोंद पाणिनीनें अष्टाध्यायींत करून ठेविली आहे. म्हणजे क्रियापद एकीकडे आणि त्याचा सोबती दुसरीकडे, हें दृश्य आमच्या वाडवडिलांस अपरिचित नव्हतें.

आतां संबंधी वाक्याकडे वळूं. मराठींत ‘जो–तो’च्या जोडीनें तें होतें: ‘जी जागा मीं सोडली, ती’, ‘ज्या शिक्षकांबरोबर मीं काम केलें, ते’. मराठीची रीत अशी कीं, प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जें काय असेल, तें आरंभींच्या ‘ज्या’च्या सोबत आरंभींच राहतें. ‘ज्या घरांत’, ‘ज्या मुलाशीं’, ‘ज्या कामासाठीं’. वाक्याच्या शेवटीं ‘बरोबर’ किंवा ‘साठीं’ एकटें उभें आहे, असें आमच्या भाषेंत होत नाहीं. म्हणून इंग्रजी संबंधी वाक्य वाचतांना शेवटीं ‘विथ’ किंवा ‘फॉर’ आढळला कीं आमच्या डोळ्यांस तें पोरकें वाटतें; आणि कोणीतरी त्यास हातास धरून पुढें आणावें अशी इच्छा होते. मामंजींची लाल पेन्सिल ह्या इच्छेनेंच चालली. इंग्रजींत मात्र दोन्ही मार्ग मोकळे आहेत: शब्दयोगी अव्यय ‘विच’ अथवा ‘हूम’च्या आधीं ठेवावें, किंवा शेवटीं राहूं द्यावें. परंतु हें स्वातंत्र्य फक्त शब्दयोगी अव्ययास आहे. जोडक्रियापदाच्या सोबत्यास तें नाहीं.

तेव्हां शेवटचा लहान शब्द कोणत्या जातीचा, हें ओळखणें एवढेंच काम उरतें. त्यासाठीं एक सोपी कसोटी आहे. संबंधी वाक्य सुटें करावें आणि ‘विच’च्या जागीं ‘इट’, किंवा ‘हूम’च्या जागीं ‘हिम’ अथवा ‘देम’, घालून तें बोलून पाहावें. ‘आय गेव्ह इट अप’ हें बरोबर. ‘आय गेव्ह अप इट’ असें इंग्रज कधीं म्हणत नाहीं. सर्वनाम मध्यें बसलें, म्हणजे ‘अप’ हा क्रियापदाचा सोबती. उलट ‘आय वर्क्ड विथ देम’ हें बरोबर. ‘आय वर्क्ड देम विथ’ असें होत नाहीं. सर्वनाम ‘विथ’च्या नंतर आलें, म्हणजे ‘विथ’ हें त्या सर्वनामाचें शब्दयोगी अव्यय. पहिल्या प्रकारांत लहान शब्द क्रियापदाच्या घरचा. दुसऱ्यांत तो नामाच्या घरचा. नामाच्या घरचा असेल तर तो नामाबरोबर, म्हणजे ‘हूम’बरोबर, पुढें जाऊं शकतो. क्रियापदाच्या घरचा असेल तर त्यानें क्रियापद सोडून जातां कामा नये.

येथें एक गोष्ट वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी, कारण ती आमच्या भीतीच्या नेमकी उलट आहे. साध्या वाक्यांत जोडक्रियापद खरोखर अवघड असतें. कर्म मध्यें घालावें कीं नंतर, असा प्रश्न तेथें पडतो. ‘आय गेव्ह अप दि पोस्ट’ चालतें, ‘आय गेव्ह दि पोस्ट अप’ हेंहि चालतें, पण सर्वनाम आलें कीं तें मध्येंच बसलें पाहिजे. संबंधी वाक्यांत ही अडचण नाहींशी होते. कर्म ‘विच’चें रूप घेऊन आरंभींच पुढें निघून गेलेलें असतें, मध्यें बसणारा कोणी उरत नाहीं, आणि क्रियापद व त्याचा सोबती एकमेकांशेजारीं येतात: ‘विच आय गेव्ह अप’. जर्मन भाषेंत तर याहून पुढची पायरी आहे. तेथें अशीं क्रियापदें साध्या वाक्यांत दुभंगतात व सोबती वाक्याच्या शेवटीं जाऊन बसतो. पण संबंधी वाक्यांत तो परत येऊन क्रियापदास असा चिकटतो कीं दोहोंचा मिळून एकच शब्द लिहितात. तात्पर्य, संबंधी वाक्य हें ह्या जोडीच्या ताटातुटीचें स्थान नसून भेटीचें स्थान आहे. तेथें सोबत्यास ओढून पुढें नेणें म्हणजे नुकती भेट झालेल्यांची पुन्हां ताटातूट करणें होय.

एकच लहान शब्द दोन्ही जातींत वावरतो, हें एका जोडीवरून स्पष्ट होईल. ‘दि लेन डाउन विच ही टर्न्ड’ म्हणजे ज्या गल्लींत तो वळला ती गल्ली. येथें ‘डाउन’ हें गल्लीचें अव्यय आहे, म्हणून तें ‘विच’च्या आधीं शोभतें. ‘दि प्रपोजल विच ही टर्न्ड डाउन’ म्हणजे जें स्थळ त्यानें नाकारलें तें. येथें ‘डाउन’ क्रियापदाचा सोबती. आतां कोणी शुद्धतेच्या हौसेनें ‘दि प्रपोजल डाउन विच ही टर्न्ड’ असें लिहील, तर तो गृहस्थ स्थळ नाकारीत नसून स्थळाच्या गल्लींतून उतरत चालला आहे, असें चित्र इंग्रज वाचकासमोर उभें राहील!

मात्र ही कसोटी लावल्यावरहि एक पोटप्रकार उरतो, तो लपविणें बरें नव्हे. कांहीं जोड्यांत लहान शब्द व्याकरणानें शब्दयोगी असतो, सर्वनाम त्याच्या नंतरच येतें, तरीहि तो पुढें नेलेला कानास सोसत नाहीं. ‘कम अक्रॉस’ म्हणजे सहज दृष्टीस पडणें, अकस्मात् हातीं लागणें. ‘दि लेटर विच आय केम अक्रॉस’ हें बरोबर. ‘दि लेटर अक्रॉस विच आय केम’ हें नव्हे. परंतु ‘दि ब्रिज अक्रॉस विच आय केम’, म्हणजे ज्या पुलावरून मी आलों, हें अगदीं बरोबर. कारण उघड आहे. पुलाच्या वाक्यांत ‘अक्रॉस’चा मूळचा, स्थळाचा अर्थ जिवंत आहे, पत्राच्या वाक्यांत तो लोपून दोन शब्दांचा मिळून एक लाक्षणिक अर्थ झाला आहे. ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळ करणें, हेंहि ह्याच वळणाचें. ‘दि चाइल्ड हूम शी लुक्ड आफ्टर’ असेंच लिहावें. यावरून कसोटीस एक पुरवणी जोडावी: अर्थ अक्षरशः असेल तर अव्यय पुढें नेण्यास हरकत नाहीं, अर्थ लाक्षणिक असेल तर जेथें आहे तेथेंच राहूं द्यावें. संशय आला तर शेवटीं ठेवणें हें केव्हांहि निर्धोक.

आतां तिसरें वाक्य. ‘लुक फॉरवर्ड टु’ ह्यांत क्रियापदामागें दोन लहान शब्द आहेत, आणि ते एका घरचे नाहींत. ‘फॉरवर्ड’ क्रियापदाचा सोबती. ‘टु’ हें नामाचें अव्यय. म्हणून हालवावयाचेंच असेल तर एकटा ‘टु’ हालतो: ‘दि वर्क टु विच आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’. मामंजींनीं दोन्ही शब्द एकदम नेले, आणि त्यामुळें वाक्य कोसळलें. ‘पुट अप विथ’, म्हणजे निमूटपणें सोसणें, याचीहि रचना अशीच आहे. याच क्रियापदावरून विन्स्टन चर्चिल यांची म्हणून एक विनोदी कथा सांगतात. कोणा कारकुनानें त्यांच्या वाक्याच्या शेवटचें अव्यय हालविलें, तेव्हां चर्चिलनीं ‘अप’ आणि ‘विथ’ हे दोन्ही शब्द मुद्दाम ‘विच’च्या आधीं कोंबून एक वेडेंवांकडें वाक्य समासांत लिहिलें व त्या नियमाची थट्टा केली, अशी ती कथा. ती चर्चिलचीच असल्याचा भक्कम पुरावा नाहीं. आणि थट्टेंतहि थोडी लबाडी आहे, कारण नियमाप्रमाणें फक्त ‘विथ’ हालवावयास हवा होता, ‘अप’ नव्हे. परंतु आमच्या मुद्द्यास ती कथा उपयोगी आहे: थट्टेसाठीं रचलेलें वाक्य आमच्या अर्जांत गंभीरपणें येऊं नये.

मामंजींवर अन्याय होऊं नये म्हणून त्यांच्या नियमाचा इतिहास सांगणें अवश्य आहे. तो नियम त्यांनीं घरीं बनविलेला नाहीं. १६७२ सालीं जॉन ड्रायडन ह्या कवीनें पूर्वींच्या बेन जॉन्सनच्या लेखनांतील दोष काढतांना, शेवटीं पडलेलें अव्यय हा एक दोष म्हणून दाखविला, आणि पुढें आपल्याच एका जुन्या निबंधाची १६८४ सालची आवृत्ति काढतांना त्यानें स्वतःचीं तशीं वाक्यें बदलून घेतलीं. लॅटिन भाषेंत अव्यय असें मागें राहत नाहीं, आणि त्या काळीं इंग्रजीचें माप लॅटिनच्या पट्टीनें घेण्याची पंडितांस संवय होती. पुढें १७६२ सालीं रॉबर्ट लोथ यानें आपल्या व्याकरणांत सौम्य मत दिलें: शेवटचें अव्यय बोलण्यांत व घरगुती लेखनांत साहजिक आहे, गंभीर लेखनांत तें आधीं ठेवणें अधिक डौलदार, आणि हें सांगणाऱ्या त्याच्या वाक्यांतच एक अव्यय मागें राहिलेलें आहे. नंतरच्या शालेय पुस्तकांनीं लोथचा सौम्यपणा टाकून दिला आणि ‘कधींहि करूं नये’ एवढेंच ठेविलें. तें आमच्या शाळांतून आलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेंच पोंचलें. १९२६ सालीं एच. डब्ल्यू. फाउलर याच्या प्रसिद्ध कोशानें ह्या समजुतीस भोळसट समजुतींच्या वर्गांत घातलें. विशेष हें कीं, ड्रायडनचा नियम जेव्हां भरांत होता, तेव्हांहि तो शब्दयोगी अव्ययापुरताच होता. ‘गिव्ह अप’मधील ‘अप’शीं त्याचा कधींच संबंध नव्हता.

आतां आमच्या मराठी लेखणीच्या नेहमींच्या चुका थोडक्यांत सांगतों. सर्वांत मोठी चूक लहान शब्द गाळण्याची. मराठींत ‘शोधणें’, ‘ऐकणें’ हीं क्रियापदें सरळ कर्म घेतात: ‘जें पुस्तक मी शोधत होतों’, ‘जें गाणें मीं ऐकलें’. म्हणून आम्ही ‘दि बुक विच आय वॉज लुकिंग’, ‘दि साँग विच आय लिसन्ड टु’मधील ‘टु’ गाळून ‘दि साँग विच आय लिसन्ड’ असें लिहून मोकळे होतों. पुस्तकामागें ‘फॉर’ आणि गाण्यामागें ‘टु’ हवा. ‘ज्याची मी वाट पाहत होतों’ यांतील ‘ची’ आरंभींच येऊन गेल्यामुळें शेवटचा ‘फॉर’ असाच राहून जातो: ‘दि मॅन हूम आय वॉज वेटिंग फॉर’. दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे दोन्हीकडे अव्यय ठेवण्याची: ‘टु विच आय लिसन्ड टु’. एकच शब्द दोन पाटांवर बसत नाहीं. तिसरी चूक, पुढें गेलेल्या कर्माच्या जागीं पुन्हां ‘इट’ घालण्याची: ‘दि पोस्ट विच आय गेव्ह इट अप’. आमची कसोटी बोलून पाहण्यासाठीं आहे. लिहितांना तो ‘इट’ काढून घ्यावा. चौथी चूक ‘दॅट’ची. ‘विच’ किंवा ‘हूम’च्या आधीं अव्यय येतें, पण ‘दॅट’च्या आधीं येत नाहीं, ‘दि टीचर्स दॅट आय वर्क्ड विथ’ असेंच लिहिलें पाहिजे. संबंधी सर्वनाम अजिबात गाळलें, तरीहि तेंच: ‘दि टीचर्स आय वर्क्ड विथ’, ‘दि पोस्ट आय गेव्ह अप’. पांचवी चूक कर्मणि प्रयोगांत होते. ‘दि चाइल्ड हू वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज आंट’, म्हणजे ज्या मुलाचा सांभाळ त्याच्या आत्यानें केला. येथें ‘आफ्टर’ आणि ‘बाय’ शेजारीं-शेजारीं आलेले पाहून एक फाजील असावा असें वाटतें आणि ‘आफ्टर’वर काट पडते. दोघांचीं कामें निराळीं आहेत: एक सांभाळाचा, एक सांभाळणाराचा. दोघांसहि राहूं द्यावें.

शेवटीं अर्ज कसा लिहावा, याविषयीं दोन शब्द. अर्ज, कचेरीचा पत्रव्यवहार, संस्थेस लिहावयाचें निवेदन यांत ‘विथ हूम’, ‘टु विच’ ही रचना खुशाल करावी. ती तेथें भारदस्त दिसते. घरच्या पत्रांत व बोलण्यांत मात्र तीच रचना सोवळें नेसून बाजारांत गेल्यासारखी वाटते. तेथें अव्यय शेवटीं असूं द्यावें. ज्यास औपचारिक लेखनांत जोडक्रियापदच नकोसें वाटतें, त्यानें एकेरी क्रियापद घ्यावें: ‘गिव्ह अप’च्या जागीं ‘रिलिंक्विश’, ‘पुट अप विथ’च्या जागीं ‘टॉलरेट’, ‘टर्न डाउन’च्या जागीं ‘रिजेक्ट’. हा मार्ग सरळ आहे. परंतु जोडी घेतली तर पुरी घ्यावी. अर्धी घेणें सर्वांत वाईट.

कारण अर्धी घेतल्यानें काय होतें, तें ह्या अर्जांतच पाहावें. ‘आय हॅड टु गिव्ह अप दि पोस्ट’ ह्या वाक्यांत एका बाईनें आपल्या हातची जागा घरासाठीं सोडली, ही हकीगत आहे. आणि नवी जागा देणाऱ्या संस्थेस तिच्या मधल्या वर्षांचा खुलासा त्याच वाक्यानें होणार आहे. ‘अप’ खोडला कीं उरतें तें ‘जी जागा मला द्यावी लागली’. कोणास दिली, कां दिली, याचा वाचणाऱ्यास उलगडा होत नाहीं. आणि सोडण्याची गोष्ट, जी सांगावयाची होती, ती नाहींशी होते. दोन अक्षरांवर काट मारतांना मामंजींच्या मनांत सुनेचें हितच होतें, यांत शंका नाहीं. पण सासूच्या दुखण्यांत तिनें जें केलें, त्याची साक्ष देणारा शब्द नेमका तोच होता.

वडील माणसांनीं घरांतील लेखन तपासावें, ही रीत आम्हांस मोडावयाची नाहीं. ती चांगली रीत आहे. तिला एकच जोड द्यावी. तपासणारानें खोडतांना कारण सांगावें, आणि लिहिणारानें, मग ती सून असो कीं शाळकरी नातू, ‘हें कां?’ असें नम्रपणें विचारावें. भाषेच्या बाबतींत वय हा पुरावा नव्हे, तसेंच तारुण्य हाहि नव्हे. पंगतींत दोन दिवस चाललेला वाद ‘इट’ची कसोटी लावली असती तर पहिल्याच दिवशीं ताक-भाताच्या आंत मिटला असता, आणि एका सुशिक्षित बाईचा हात इंग्रजी लिहितांना कांपण्याचें कारण उरलें नसतें.

वाचकांस घरीं करून पाहण्यासाठीं पांच तुकडे देतों. प्रत्येकांत शेवटचा लहान शब्द पुढें नेतां येईल कीं नाहीं, आणि दोन असतील तर त्यांपैकीं कोणता, हें कसोटी लावून ठरवावें. एक: ‘दि लॅम्प विच शी पुट आउट’, तिनें मालविलेला दिवा. दोन: ‘दि चेअर विच ही सॅट ऑन’, तो ज्या खुर्चीवर बसला ती. तीन: ‘दि अंकल हूम शी लुक्स अप टु’, ज्या काकांविषयीं तिला आदर वाटतो ते. चार: ‘दि कोट विच ही टुक ऑफ’, त्यानें अंगांतून काढलेला कोट. पांच: ‘दि मिस्टेक विच आय केम अक्रॉस’, मला सहज आढळलेली चूक. मुलांनीं व मोठ्यांनीं हीं एकत्र बसून सोडवावीं. उत्तरें, आणि त्यांवरून घरोघर काय वाद झाले त्यांपैकीं निवडक, पुढील अंकीं देऊं.